सहा नंबर

नोव्हेंबरच्या शेवटी गुनवोरबाईंनी बोलावलं.
ओटा राहू दे, म्हणाल्या, कपाटांची दारं तेवढी रंगव.
त्याच आठवड्यात वार्डोत सूर्य बुडाला होता,
जानेवारीपर्यंत वर येणार नव्हता;
दुपारी बाराला खिडकीत जो काय उजेड
तो काच पुसलेल्या पाण्यासारखा, तासाभराचा.

मी सात डबे मांडले.
सिंकवरच्या दारावर सात चौकोन रंगवले,
पोस्टकार्डाएवढे.
एक, ताकाचा पांढरा.
दोन, वाळत टांगलेल्या कॉडच्या पोटाचा करडा.
तीन शेवाळी. चार निळा,
होडी रंगवून उरला असावा असा.
पाच पिवळा; शेजारीण बघून म्हणाली, "अगंबाई, बालवाडी!"
सातच्या डब्यावर पहाटेवरून काहीतरी लांबलचक नाव.
सहाबद्दल कुणी काही बोललं नाही.

आयनार म्हणाला, पांढरा.
चाळीस वर्षं पांढराच होता,
पांढऱ्याने कुणाचं काय घोडं मारलंय?
बाई म्हणाल्या, तुझी बोटं.
खरंच, कॉफीच्या कपाटाच्या मुठीखाली
डिझेल आणि माशाच्या तेलाचा एक अंगठा
घासून घासून अजून शिल्लक होता.

मग म्हणाल्या, आत्ता नको.
दिव्याखाली घेतलेलं कापड आणि दिव्याखाली निवडलेला रंग,
दोन्ही सकाळी फितूर होतात.
ऊन येऊ दे.
मी म्हटलं, उन्हाला आठ आठवडे आहेत.
मला कुठे जायचंय, म्हणाल्या.

मला जायचं होतं. शाळेचा जिना,
पाद्रीबाईंचं न्हाणीघर, बंदरातली दोन गोदामं.
डिसेंबरात येता-जाता डोकावलो.
सात स्थळं सांगून आलेली
आणि मुलीकडचा निरोप नाही,
तसे ते चौकोन भिंतीला लागून बसलेले.
खाली बाई बटाटे सोलतायत.

जानेवारीत किल्ल्यावरून तोफ झाली.
पोरांना शाळेने सुट्टी दिली.
मी ब्रश पाण्यात टाकून तसाच बर्फातून निघालो.
बाईंनी पडदे काढूनच ठेवले होते.
ऊन आधी नळावर आलं,
मग किटलीच्या चोचीवर,
मग दारावर आडवं पडलं, हातभर,
आणि बघतो तर सगळेच देखणे!
पांढरासुद्धा.
बालवाडी तर लोण्यासारखी झालेली.
एक सहा सोडून. सहा भिजल्या पुठ्ठ्यासारखा.

नऊ मिनिटं.
मग ऊन घसरलं, गेलं.
बोला, मी म्हटलं.

बाईंनी टेबलावरचा दिवा लावला.
उन्हात काय, म्हणाल्या, कुणीही चांगलं दिसतं.
उन्हाळ्यात मी घरात असते कुठे?
ही कपाटं मी बघते ती पहाटे पाचला,
हा समुद्रावर गेलेला असतो,
रेडिओवर वाऱ्याचे आकडे सांगत असतात,
आणि कॉफीचं पाणी काही केल्या उकळत नाही, तेव्हा.
आता बघ सहा.

बघितला.
करपायच्या जरा आधीची पावाची कड.

मला रागच आला. म्हटलं, मग आठ आठवडे
थांबवलंत कशासाठी?
त्या साली पेपरात गुंडाळत होत्या.
अरे, एवढ्या लांबून येणार तो.
विचारलं नाही असं नको वाटायला.
मानपान ज्याचा त्याला.

दोन हात दिले, तीन दिवसांत काम संपलं.
आयनार बंदरावरून आला, बूट न काढता उभा राहिला,
म्हणाला, बरा आहे, पांढरा नाही तर.
आणि ओलं आहे म्हणेपर्यंत
कप काढायला कॉफीचं कपाट उघडलं त्याने.

तो अंगठा मी दुरुस्त करायला निघालो,
बाईंनी बिल भागवून मला दाराबाहेर काढलं.

सिंकवरच्या दारावर नीट घासकाम करायचं राहिलं होतं माझं.
दिसत नाही कुणाला.
पण हात फिरवला तर अजून लागतात,
एकाखाली एक, रंगाच्या आत,
सात कडा.